दारुड्याचं लिव्हर वाचवायचं कशासाठी?

दारूने काय होतं आणि दारूविरुद्ध काय करता येतं, या दोन्ही गोष्टी अहिल्यानगर जिल्ह्याने पाहिल्या आहेत. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने भट्ट्या मोडल्या आणि गावाचं नाव देशभर झालं. याच जिल्ह्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातल्या पांगरमलला पार्टीतल्या बनावट दारूने माणसं मारली. ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या कँटीनमध्ये तयार होत असल्याचं तपासात उघड झालं.

या दोन्ही गोष्टींच्या बातम्या झाल्या. लायसन्सच्या दुकानातली सीलबंद दारू वर्षानुवर्षं पिऊन लिव्हर जातं आणि घरातला कर्ता माणूस चाळिशी-पन्नाशीत संपतो, त्याची बातमी होत नाही. त्याच्याकडे बघायच्या दोन तऱ्हा जिल्ह्यात गावोगाव भेटतात. एक दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या बायकांची, दुसरी वॉर्डात हे रुग्ण सांभाळणाऱ्या डॉक्टरांची. त्या दोन्ही इथे समोरासमोर बसवल्या आहेत. ताई आणि डॉक्टर म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे, पण दोघांचं म्हणणं खरं आहे.

ताई : डॉक्टर, आडपडदा न ठेवता बोलते. एखादी बाई वीस वर्षं नवऱ्याची दारू सोसते. गळ्यातलं डोरलं गेलं, पोरीची शाळा सुटली, मार खाल्ला तो वेगळाच. आता त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे पडले, तर तिनेच उरलेली जमीन विकून त्याला नगरला ॲडमिट करायचं? त्याने ते स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंय.

डॉक्टर : तिचा राग रास्त आहे. तिने काय करावं हे मी तिला शिकवणार नाही, तिने आधीच पुष्कळ केलेलं असतं. पण मी काय करायचं हे मला ठरवावं लागतं. ओढवून घेतलं म्हणून उपचार नाही, असा नियम एकदा लावला की तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झालेला, हेल्मेट न घालता गाडीवरून पडलेला, पथ्य न पाळता शुगर वाढवलेला, सगळ्यांनाच दारातून परत पाठवावं लागेल. आणि हा हिशेब तितका सरळही नाही. भरपूर पिणाऱ्या दहा जणांत साधारण एक-दोघांनाच सिरॉसिस, म्हणजे लिव्हर गाठाळण्याचा आजार, होतो. वजन जास्त असेल, डायबेटिस असेल, हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, अंगातच तशी प्रवृत्ती असेल, तर लिव्हर लवकर जातं. बाईचं लिव्हर कमी दारूनेही बिघडतं. चूक सगळ्यांची सारखी, भोग मात्र वेगवेगळा.

ताई : म्हणजे दहातले आठ सुखरूप? हे चारचौघांत बोलू नका. उद्या पारावर बसून हेच सांगतील.

डॉक्टर : सुखरूप कुणीच नाही. लिव्हरवर चरबी तर जवळजवळ प्रत्येकाच्या चढते. वर अपघात आहेत, वाढलेलं बीपी आहे, तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय. मी एवढंच सांगतोय, की कुणाचं लिव्हर कधी जाईल हे बाहेरून कळत नाही.

ताई : पांगरमलनंतर लोक म्हणायला लागले, गावठी नको, बनावट नको, चांगल्या कंपनीची घ्या.

डॉक्टर : पांगरमलसारख्या प्रकारात घात करतं ते मिथेनॉल. ते विष एक-दोन दिवसांत डोळे घेतं, जीव घेतं. पण सीलबंद बाटलीतलं इथेनॉलही लिव्हरला विषच आहे, फक्त ते काम सावकाश करतं. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. त्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास. लिव्हर तासाला साधारण सात-आठ ग्रॅमच जिरवू शकतं, म्हणजे रात्रीची क्वार्टर सकाळपर्यंत पुरते. रोज ३० ग्रॅमच्या पुढे गेलं की सिरॉसिसचा धोका ठळकपणे चढू लागतो. देशी, व्हिस्की, बिअर, लिव्हरला सगळं एकच. फरक खिशाला पडतो.

ताई : मग एवढं होत असताना माणसाला काहीच कसं कळत नाही?

डॉक्टर : खरी अडचण तीच आहे. लिव्हर दुखत नाही. दारू फुटताना ॲसिटाल्डिहाइड नावाचं द्रव्य तयार होतं, ते पेशींना जाळतं. आधी चरबी साठते, मग सूज येते, मग जखमेवर वण धरतो तसा आतून वण धरत जातो. सगळं लिव्हर वणांनी गाठाळलं की त्याला सिरॉसिस म्हणायचं. मुळा किंवा प्रवरेच्या पाटाखाली शेती असलेल्याला मी असं सांगतो : चारी गाळाने भरली तर पाणी थांबत नाही, ते बांध फोडून भलतीकडे घुसतं. आतड्याकडून लिव्हरला येणाऱ्या रक्ताचं तसंच होतं. दाब वाढतो, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात, एक दिवस फुटतात आणि रक्ताची उलटी होते. पोटात पाणी साठतं, म्हणजे जलोदर होतो. तोवर दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात आणि माणूस म्हणत असतो, मला काही होत नाही, मी पचवतो.

ताई : म्हणूनच म्हणते, मुळावर घाव घाला. राळेगणला पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं. शहरातले लोक नावं ठेवतात. पण गाव सावरलं की नाही? तुमच्या गोळ्यांनी एखादं गाव सावरलं का?

डॉक्टर : नाही, गोळीने गाव सावरत नाही. राळेगणचं श्रेय मी नाकारत नाही. गावाने मिळून ठरवलं, भट्ट्या गेल्या, पाणी अडवलं, हाताला काम आलं. पण खांबाचं अनुकरण करू नका असं मी हात जोडून सांगेन, आणि ते माणुसकीपुरतंच नाही. पंधरा वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, घाम फुटतो, ताप चढतो. त्यात माणूस दगावतो. गावकऱ्यांना वाटतं नाटक करतोय, नाहीतर बाहेरचं लागलंय. दारू नक्कीच सोडवा, पण इतक्या पिणाऱ्याची सोडवायची ती दवाखान्यात. चार-पाच दिवस औषधाच्या आधाराने.

ताई : गावातल्या डॉक्टरकडे नेतो की. सलाईन लावतात, तरतरी येते.

डॉक्टर : सलाईन लावा, पण आधी बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन द्या. दारू पिणाऱ्याच्या अंगात ते जवळजवळ संपलेलं असतं. नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे इंजेक्शन महाग नाही, ते द्यायची आठवण राहत नाही.

ताई : अहो, पण दवाखान्यात यायच्या आधी तो भलतीकडेच जातो. कावीळ झाली की आमच्याकडे आधी माळ घालतात. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत गळ्यात उतरली की म्हणायचं, कावीळ उतरली. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतं, पाणी पिवळं होतं. आणि घरात दिवसभर उसाचा रस.

डॉक्टर : साधी, विषाणूची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि नाव माळेचं होतं. दारूची कावीळ ही वेगळी चीज आहे. तिला अल्कोहोलिक हिपॅटायटिस म्हणतात. ती तीव्र असेल तर महिनाभरात दर तीन-चार रुग्णांतला एक जाऊ शकतो. अशा वेळी माळेत घालवलेले पंधरा दिवस परत आणता येत नाहीत. उसाच्या रसाचंही तेच. पिवळा पडलेला माणूस महिनाभर रस आणि मऊ भातावर ठेवतात, डाळ बंद, दूध बंद, अंडं बंद. हे उलटं आहे. या रुग्णाला रोज वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं. डाळ, मोड आलेली मटकी, दूध, दही, चालत असेल तर अंडं. आणि रात्री झोपताना काहीतरी खायचंच. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा राहत नाही, एका रात्रीच्या उपवासात शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. एकादशीसुद्धा या माणसाने करायची नाही.

ताई : आणि गुळवेलीचा काढा? तो तरी चालतो ना?

डॉक्टर : आधीच बिघडलेल्या लिव्हरवर काढ्यांचा प्रयोग नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. तसंच अंगदुखीच्या गोळ्या. ऊसतोडीला जाणारा माणूस दिवसभर मोळ्या उचलतो, रात्री दारू पितो, सकाळी दुखणं मारायला डायक्लोफिनॅक घेतो. सिरॉसिस असेल तर त्याने किडनी बसते. लागलीच तर पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत.

ताई : बरं, तुमच्याकडे आणला. पुढे काय करता? आमच्यात तर म्हणतात, पोटातलं पाणी काढलं की माणूस जातो.

डॉक्टर : पाणी काढल्याने जात नाही. पाणी काढायला फार उशिरा आणतात म्हणून जातो. रुग्णाला पाठीवर झोपवतो. पोट मडक्यासारखं ताणलेलं, बेंबी बाहेर आलेली, दंड मात्र काडीसारखे झालेले. डाव्या कुशीत खाली जागा बधिर करून सुई घालतो, पिवळसर पाणी बाटलीत उतरायला लागतं. पाच लिटरच्या वर काढायचं असेल तर सोबत अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन शिरेतून देतो. तासाभराने माणूस कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतो. पाण्याचा नमुना तपासायचा, जंतू झाले असतील तर त्याच दिवशी अँटिबायोटिक. मग लघवी वाढवायच्या गोळ्या, मीठ कमी. पापड, लोणचं, फरसाण बंद. फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी बँड बसवतो, दाब उतरवायची गोळी देतो.

ताई : आणि डोकं फिरतं ते? नवरा रात्री घरातल्या घरात वाट चुकतो, भलत्याच नावाने हाका मारतो. घरचे म्हणतात, लपून प्यायलाय.

डॉक्टर : ही तर पुन्हा पुन्हा होणारी चूक. लिव्हरने न गाळलेलं विष मेंदूत जातं. मी रुग्णाला दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगतो, वाहन थांबवताना करतो तसे. पंजे मधूनच गळून पडतात, पुन्हा वर येतात. हे दिसलं की दारूचा वास नसला तरी धोका आहे. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, आतला रक्तस्राव, यातलं काहीतरी झालेलं असतं. लॅक्टुलोजचं पातळ औषध द्यायचं, दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच झालं पाहिजे. लपून प्यायलाय म्हणून कोपऱ्यात पडू दिलेला माणूस सकाळी बेशुद्ध सापडतो.

ताई : एवढं सगळं करून तो बरा होतो का? खरं सांगा.

डॉक्टर : खरं सांगतो. तीव्र हिपॅटायटिसमध्ये निवडक रुग्णांना आम्ही स्टिरॉइड देतो. ब्रिटनमध्ये अकराशेवर रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टिरॉइडचा फायदा झालाच तर पहिल्या महिन्यापुरता, तीन महिन्यांनी काही फरक उरला नाही. दारू थांबणं हेच सगळ्यात मोठं औषध. नुसती चरबी असेल तर दारू थांबवल्यावर चार-सहा आठवड्यांत लिव्हर पूर्ववत होऊ शकतं. सिरॉसिस झाल्यावरही थांबणाऱ्याला वर्षं मिळतात. अमेरिकेतल्या १९६८ च्या एका जुन्या पाहणीत दारू सोडलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांपैकी ६३ टक्के पाच वर्षांनी हयात होते, पीत राहिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के. काहींचं पोटातलं पाणी परत साठायचंच थांबतं.

ताई : आणि काहींना लिव्हर बदलून देता. हे मला पटत नाही. बऱ्याचदा बायकोच स्वतःच्या लिव्हरचा तुकडा देते. लाखो रुपये जातात ते वेगळेच. ज्याने तिला मारलं, त्याच्यासाठी तिने पोट फाडून घ्यायचं?

डॉक्टर : यावर मी तुमच्या बाजूने एक पाऊल येतो. बायकोवर तसा दबाव येत असेल तर ते प्रत्यारोपण होताच कामा नये. दात्याशी एकट्यात बोलायचं, तिला नाही म्हणायची मोकळीक द्यायची, तिचं नाही हे आम्ही वैद्यकीय कारण म्हणून सांगायचं. पण दारुड्याला प्रत्यारोपण नकोच, हे मान्य नाही. आधी सहा महिने दारू सोडलेली पाहिजे असा रिवाज होता. तीव्र हिपॅटायटिसच्या रुग्णाकडे सहा महिने नसतातच. फ्रान्स आणि बेल्जियमच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडचा उपयोग न झालेले, पारखून निवडलेले रुग्ण लवकर प्रत्यारोपणाला घेतले. २०११ च्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी ७७ टक्के जगले. तशाच, पण प्रत्यारोपण न झालेल्या रुग्णांत २३ टक्के.

ताई : तरी माझं मत तेच. ते लिव्हर आधी न पिणाऱ्याला मिळावं.

डॉक्टर : तुमचं मत तुमच्याजवळ राहू दे. पण प्रत्यारोपण मूठभरांनाच मिळतं, त्यावर आपण कितीही भांडलो तरी जिल्ह्यातले बाकीचे पिणारे तिथेच राहतात. त्यांच्यासाठी काय करायचं ते बोलू.

ताई : त्यांची दारू तुमच्यापेक्षा माळेने जास्त सोडवली आहे. काविळीची नव्हे, तुळशीची. दिंडीत गेला, माळ घातली, परत आल्यावर बाटलीला शिवला नाही, अशी माणसं आमच्या गावात आहेत.

डॉक्टर : मला ते मान्य आहे आणि हवंही आहे. माळ घातलेल्याला रोज संध्याकाळी हरिपाठाला जायला जागा मिळते, पूर्वी ज्या वेळेला तो गुत्त्यावर जायचा त्याच वेळेला. सोबतीला न पिणारी माणसं मिळतात. दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत हेच होतं. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तिथेही औषधाइतकंच बोलण्याला आणि सोबतीला महत्त्व आहे. फक्त माळ मोडली की माणूस संपला असं गाव समजतं. पापी म्हणून त्याला वाळीत टाकतं, तो तोंड लपवतो आणि दुप्पट पितो. पुन्हा पिणं हा या आजाराचाच भाग आहे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आत घ्यावं लागतं.

ताई : आणि एसटी स्टँडवर पत्रकं असतात, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा'. बायका उसनेपासने करून ती पावडर आणतात, भाजीत कालवतात.

डॉक्टर : त्या पावडरीत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं औषध असेल आणि वर माणूस प्यायला, तर बीपी कोसळतं. बिघडलेल्या लिव्हरला ते औषध आम्ही डोळ्यांसमोरसुद्धा देत नाही. दारूची ओढ कमी करणारी दुसरी औषधं आहेत. बॅक्लोफेन तर सिरॉसिसच्या रुग्णांवर अजमावलेलं आहे, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, भ्रम होणाऱ्याला जपून. आणि त्याला सांगून. नकळत कुणाची दारू सुटत नाही.

ताई : मग आता तुम्ही माझं एक ऐका. तुम्ही त्याला सहा महिने झटून नीट करता. तो एसटीतून उतरतो, आणि स्टँडपासून घरापर्यंत वाटेत दुकान. पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करण्यासाठी, मतदान घडवून आणलं ते यासाठीच. पुरेशी मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद व्हायला हवं, असा नियम आहे. तो नियम वापरताना आम्हाला किती धमक्या येतात ते तुम्हाला वॉर्डात बसून कळणार नाही. आणि सरकारला हवा महसूल. जिल्ह्यात साखर कारखाने, त्यांच्या मळीपासून स्पिरिट. उसावर आमची चूल पेटते आणि त्याच उसाच्या मळीने आमचीच घरं बसतात.

डॉक्टर : इथे मी हरलो असं समजा. दारू सहज मिळते तिथे ती जास्त प्यायली जाते आणि सिरॉसिसने जास्त लोक मरतात, हे जगभर दिसलंय. दुकान लांब गेलं पाहिजे, वेळ कमी झाली पाहिजे, निवडणुकीतलं वाटप थांबलं पाहिजे. तुम्ही दुकान बंद केलंत तर माझ्या वॉर्डातले रुग्ण कमी होतील, हे मी लिहून देतो. पण दुकान बंद होईल त्या दिवशी गावात रोज पिणारी जी माणसं असतील, त्यांच्यासाठी गाडी आणि दवाखाना तयार ठेवा. नाहीतर चोरटी विक्री करणारा त्यांना तुमच्याआधी गाठेल.

ताई : हे आमच्या ठरावात कधी नव्हतं.

डॉक्टर : घालता येईल. अजून एक काम तर कागदावर आधीच आहे. तिशीच्या पुढच्या माणसांसाठी आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात रोज दारू पिता का, हा प्रश्न आहे. 'हो' आलं की बीपी-शुगरबरोबर लिव्हरच्या रक्तचाचण्या करायच्या आणि प्लेटलेट तपासायच्या. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट, प्लेटलेट उतरलेल्या, एवढ्यावरून पुष्कळ कळतं. मग सोनोग्राफी. पण तो माणूस 'हो' कधी म्हणेल? त्या 'हो'नंतर त्याला शिव्या मिळणार नाहीत याची खात्री असेल तेव्हाच.

ताई : शिव्या आम्ही हौसेने देत नाही, डॉक्टर. पण समजलं. विचारायचं काम आमच्या बायकांना द्या. कोण किती पितो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

दोघांचं सगळं जुळलं नाही, आणि जुळायची गरजही नाही. प्रत्यारोपणावर त्यांचं भांडण चालू राहील. पण चूक कुणाची या वादात जी वर्षं जातात, नेमक्या त्याच वर्षांत लिव्हर सावरू शकतं, हे दोघांनाही कळलं आहे. लाजेने लपवलेली दारू आणि रागाने नाकारलेला उपचार, दोन्हींचा शेवट जलोदराच्या पलंगावर होतो. तिथे पोचलेल्या माणसासाठीही काही करता येतं, पण ते थोडं. दहा वर्षं आधी, तो धडधाकट दिसत असताना, पुष्कळ करता येतं.

म्हणून ज्या घरात कुणी रोज पितं, त्या घराने डोळे पिवळे व्हायची वाट पाहू नये. या आठवड्यातच त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं, किती पितो ते खरं सांगावं, रक्त तपासून घ्यावं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या ताणासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. सोसणाऱ्या बायकोलाही ते वापरता येतात. आणि ज्या गावात आडव्या बाटलीचा ठराव होईल, त्याच ग्रामसभेत दुसरा ठराव व्हावा : आजवर जे प्यायले, त्यांच्या उपचारालाही गाव सोबत राहील.